चार मिनिटं लवकर

प्रयोगशाळेत त्यांना समोर सगळे 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ वळली की 'भिंगरी'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. एका जागी स्वस्थ बसलेला हा माणूस कुणी पाहिला नव्हता. चहा उभ्याने, डबा खिडकीशी येरझाऱ्या घालत, फोनवर बोलणं जिन्यात वर-खाली करत. दाढ काढायला गेले तेव्हा खुर्चीतून दोनदा उठून दाराशी जाऊन आले होते. असा माणूस एकोणीस वर्षं नोकरीला कुठे असावा? तर जिथे कशाचा म्हणून धक्का लागलेला चालत नाही, नेमक्या तिथे. दैवालाही कधी कधी चेष्टा सुचते.

तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत एक गोल तबकडी फिरत असे. ती मिस्त्रींनी स्वतः घडवली होती. तिच्यावर एक पिंप, पिंपात हाडं गोठवणारी थंडी, आणि त्या थंडीत नीलमाचे दोन गट्टू, एकमेकांशी काटकोनात ठेवलेले. प्रत्येक गट्टूत मायक्रोवेव्हच्या लहरी कोंडल्या होत्या आणि त्या ठरावीक सुरात घुमत राहायच्या. या लहरी प्रकाशाचीच भावंडं. प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखाच असतो असं सापेक्षतेचा सिद्धांत सांगतो. तो कुठल्या एका दिशेला यत्किंचितही जास्त असता, तर तबकडी फिरताना त्या दोन सुरांतला फरक प्रत्येक फेऱ्यात दोनदा वर-खाली झाला असता. तेवढंच पाहायचं. आणि एकोणीस वर्षं उत्तर एकच येत होतं, की काही होत नाही, फरक शून्य. दर तीन-चार वर्षांनी यंत्र आणखी नाजूक करायचं आणि आणखी बारीक शून्य काढायचं.

"आपला धंदा शून्याचा," असं बाई म्हणत. बाई म्हणजे त्या प्रयोगाच्या प्रमुख. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, जिभेने तिखट. मिस्त्रींशी त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं, आणि त्यावाचून दोघांनाही दिवस गेल्यासारखा वाटत नसे.

घरी मिस्त्रींच्या बायकोला या सगळ्याचं भारी हसू यायचं. "एकोणीस वर्षं मायक्रोवेव्ह फिरवताय," ती म्हणायची, "आमच्या ओव्हनमध्येही तबकडी फिरते. पण तिथे निदान भात गरम होतो!"

तर या मिस्त्रींना निवृत्तीला शंभरेक दिवस उरले आणि त्यांची जागा घ्यायला नवी तंत्रज्ञ आली. बत्तीस वर्षांची, हुशार, हाताने स्वच्छ. मुख्य म्हणजे ती बसायची. एकदा पडद्यासमोर बसली की तीन-तीन तास हलायची नाही. मिस्त्रींना 'काका' म्हणायची आणि अदबीने त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायची. तिची तरी काय चूक? ती त्याचसाठी आली होती. पण महिन्याभरात मिस्त्रींच्या हाताला काम उरलं नाही, आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याचे पाय काय करतील हे वेगळं सांगायला नको.

घरात ते पहाटेच उठून हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारू लागले. बायको म्हणाली, "अहो, जा बाबा कामावर. इथे मला चक्कर येते." मग ते निघत. आधी नेहमीच्या वेळेला, मग थोडं आधी, मग आणखी थोडं आधी. दिवस संपत चालले होते आणि प्रत्येक दिवशी त्यांना वाटायचं की आज जरा जास्त वेळ मिळाला तर बरं. किल्ली त्यांच्याकडे होतीच. इमारत उघडायची, आणि मोजणीच्या वेळी खोलीत जायचं नसतं म्हणून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायच्या. बारा पावलं जायचं, बारा पावलं यायचं. तासा-दीड तासाने गुडघे बोलू लागले की वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहायचं.

याच दिवसांत यंत्रात नवे गट्टू बसवले होते, आधीच्यांपेक्षा दसपट नाजूक. आणि महिन्याभराने एके दिवशी बाई स्वतःच्या खोलीतून जवळजवळ धावत आल्या.

"मिस्त्री, या इकडे! दार लावून घ्या आधी."

पडद्यावर एक आलेख होता. दिवसभर सपाट, आणि सकाळी एक उंचवटा. फेऱ्यात दोनदा वर-खाली होणारा, अगदी जसा हवा तसा.

"कुठलीतरी केबल सैल असेल," मिस्त्री म्हणाले. एकोणीस वर्षांत प्रत्येक उंचवट्याचं बारसं त्यांनी असंच केलं होतं.

"मीही तेच म्हटलं. पंधरा दिवस कुणाला बोलले नाही. केबली पाहिल्या, वीज पाहिली, खोलीची गरमी पाहिली. आता हे बघा." बाईंनी तीस दिवसांचे आलेख एकाखाली एक मांडले. उंचवटा दर दिवशी किंचित डावीकडे सरकत होता. "रोज साधारण चार मिनिटं लवकर. काय रोज चार मिनिटं लवकर येतं, मिस्त्री?"

मिस्त्रींना ते माहीत होतं. बाईंनीच शिकवलं होतं. सूर्य चोवीस तासांनी पुन्हा डोक्यावर येतो, तारे चार मिनिटं आधीच येतात. यंत्राच्या खोड्या सूर्याच्या घड्याळाने चालतात. माणसं कामावर येतात, हिटर लागतात, लिफ्ट सुरू होते. ताऱ्यांच्या घड्याळाने चालणारी गोष्ट इमारतीतली नसते, ती बाहेरची असते, आकाशातली. म्हणजे आकाशात एखादी दिशा खरोखरच वेगळी असायला हवी.

"अजून थोडे दिवस पाहू," बाई म्हणाल्या, "आणि महिन्याच्या अखेरीस शास्त्रज्ञांची मोठी सभा आहे. तिथे मांडते. मिस्त्री, तबकडी तुमची आहे. शोधनिबंधावर तुमचंही नाव टाकणार."

त्या दिवशी बाई चक्क गुणगुणत जिना चढल्या. मिस्त्रींनी हे एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. एका माणसाला इतका आनंद झालेला पाहून त्यांच्या जिवाची उलट घालमेलच वाढली. हे टिकेल ना, या काळजीने ते दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आले.

पुढच्या आठवड्यात बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन दिवस मिस्त्री घरी राहिले, वेळेवर थेंब घालायला. तीन दिवस कॉरिडॉरवाचून त्यांनी कसे काढले ते घरातल्या फरशीला विचारावं. चौथ्या दिवशी पहाटे येऊन येरझाऱ्या घातल्या, आणि बाकीचे आल्यावर प्रयोगशाळेत गेले तर तिथे सुतक पडल्यासारखं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस काहीच नाही. हिने काहीतरी हलवलंय."

"मी कशालाही हात लावला नाही," नवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, तुम्हीच सांगा. वहीत बघा, हात लावला तर मी लिहिते."

मिस्त्रींनी वही पाहिली. मग आलेख पाहिले. तीन सपाट रेघा आणि त्यांच्याखाली तीन तारखा. त्याच तारखांच्या रजेचा अर्ज त्यांनी दिला होता. चौथ्या दिवसाचा, म्हणजे आजचा, सकाळपर्यंतचा आलेख नुकताच पडद्यावर उमटला होता आणि त्यात उंचवटा होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास. मिस्त्री आज साडेसहालाच आले होते.

"आला परत!" बाई ओरडल्या. "बघा, आला! तारा कुठे जातोय!"

मिस्त्री कॉरिडॉरमध्ये गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, हे नवलच. दाराआडून आवाज येत होता. तबकडीचा एक फेरा पुरा झाला की आत एक छोटा खटका पडतो, टक्. चोवीस सेकंदांनी पुन्हा टक्. एकोणीस वर्षं तो आवाज कानांत होता, आता तो ऐकूही येत नसे. मिस्त्रींनी चालून पाहिलं. बारा पावलांवर भिंत आली, ते वळले, बारा पावलं परत, आणि दाराशी पोचले तेव्हा आत टक् वाजली. पुन्हा गेले, पुन्हा आले. टक्. पाय आपणहून तबकडीबरोबर चालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तरी मन ऐकेना. इतकी जाड जमीन, तिला एका माणसाचं काय ओझं? पण जमीन कलते, हे त्यांना बाईंहून चांगलं ठाऊक होतं. कल पाहणारं यंत्र त्यांनीच लावलं होतं, आणि उगाच दर पावलाला ते ओरडू नये म्हणून मिनिटाची सरासरी घ्यायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं. येणं आणि जाणं सरासरीत एकमेकांना खाऊन टाकत होतं. बाकीचे लोकही त्या कॉरिडॉरमधून चालत, पण त्यांच्या पावलांना ताल नव्हता, महिन्याच्या बेरजेत ती पुसली जात. तालात चालणारा माणूस एकच होता.

दुपारी एक वाजता, बाई जेवायला वर आणि नवी बँकेत गेली असताना, मिस्त्रींनी पाऊण तास फेऱ्या मारल्या. संध्याकाळी हळूच पडदा पाहिला. एक वाजता उंचवटा होता. सकाळच्या तिप्पट स्पष्ट, कारण या वेळी ते लक्ष देऊन चालले होते. त्यांनी तेवढ्या पाऊण तासापुढे 'खोलीत हात लावला, धरू नये' अशी खूण केली, म्हणजे तो भाग हिशेबात येणार नाही. आयुष्यात वहीत लिहिलेलं ते पहिलं खोटं.

आता खरं तर जाऊन सांगायचं. जिना चढायचा, दार वाजवायचं, एक वाक्य बोलायचं. मिस्त्री तीनदा जिना चढले आणि तीनदा उतरले. वरून गुणगुणणं ऐकू येत होतं. बाईंचे आई-वडील कधीच गेले होते, लग्न त्यांनी केलं नव्हतं, पुढच्या वर्षी त्याही निवृत्त होणार होत्या. सगळं आयुष्य शून्यात घातलेल्या बाईला पहिल्यांदा शून्याशिवाय काही सापडलं होतं. ते काढून घ्यायचं आणि वर सांगायचं की तुमचा तारा म्हणजे मी, वजन चौऱ्याऐंशी किलो!

आणि इथे मिस्त्रींच्या हातून जे घडलं ते सांगायला मलाही बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहा वाजून सव्वीस मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये पोचले. घड्याळ बघून. तिसऱ्या दिवशी सहा बावीसला. एकदम थांबलो तर बाईंचा जीव जाईल, हळूहळू कमी करत नेऊ, असं ते स्वतःला सांगत होते. चोराच्या मनात चांदणं. कमी काही त्यांनी केलं नाही. बारा पावलं, टक्, बारा पावलं, टक्, इतकं नीट ते कधीच चालले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी बोलावलं. टेबलावर निबंधाचा मसुदा होता.

"बसा," त्या म्हणाल्या. मिस्त्री उभे राहिले. "हे कालचं आणि आजचं बघा. काय देखणं आलंय! आत्तापर्यंत पाच-सात मिनिटं मागेपुढे व्हायचं. हे दोन दिवस म्हणजे घड्याळ. पहिल्या पानावर हेच दोन टाकते."

मिस्त्रींनी पाहिलं. चाळीस दिवस ते नुसते अस्वस्थ होते, तेव्हा आलेख वेडावाकडा होता. दोनच दिवस ते लबाडी करत होते, आणि नेमके तेच दोन पहिल्या पानावर निघाले होते. त्यांना भडभडून आलं.

"बाई, ते टाकू नका. तो मी आहे."

"काय तुम्ही?"

"तो उंचवटा. मी चालतो ना बाहेर. फेऱ्याच्या तालावर. मी रोज लवकर यायला लागलो म्हणून तो लवकर येतोय. तीन दिवस मी नव्हतो तर तो नव्हता. हे शेवटचे दोन दिवस तर मी मुद्दाम आलो, घड्याळ लावून. माहीत असून आलो."

बाई कागद उलटा करून त्याच्या पाठीवर काहीतरी मांडू लागल्या. पेन थांबलं.

"कल एका जागी राहिला तर फेऱ्यात एकदाच दिसतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तो आपण वजा करतो. पण कलच तबकडीच्या तालावर येत-जात राहिला, तर दोनदा. बरोबर आहे." पेन टेबलावर आपटलं. "चाला!"

"आत्ता?"

"आत्ता! मी खाली शेजारच्या खोलीत बसते, पडद्यासमोर. दार उघडं ठेवा."

मिस्त्री चालले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. उघड्या दारातून त्यांना बाईंची पाठ दिसत होती. बाजूला नवी उभी होती. पंचविसाव्या मिनिटाला बाईंचे खांदे खाली आले.

"पुरे," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या, आणि सपाटून रागावल्या. लबाड म्हणाल्या, त्या दोन दिवसांबद्दल कधी माफ करणार नाही म्हणाल्या. "जगापुढे उभी राहून मी तुमच्या चालण्याचा शोध लावला असता! हसले असते लोक. आणि हसणं परवडलं असतं, पण कुणाला कळलंच नसतं तर? खोटं उत्तर वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं." मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

बोलून बोलून बाई थकल्या. नवीने पाणी आणून दिलं. ते पिऊन बाई म्हणाल्या, "यंत्र मात्र चांगलं आहे. एका माणसाची चाल ओळखतं. एवढा नाजूक कान आजवर आपल्याकडे नव्हता. याच्यावर स्वच्छ शून्य काढलं तर ते आत्तापर्यंतचं सगळ्यात बारीक शून्य ठरेल."

"ठरेल ना," मिस्त्री म्हणाले.

"पण पहिल्यापासून मोजावं लागेल. कॉरिडॉर बंद करून." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मिस्त्री, खरं सांगा. तुम्ही नुसते वर्कशॉपमध्ये बसून राहू शकाल?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही जमणार, बाई. अर्धा तास बसेन. मग पाय निघतील. मला कळणारही नाही."

"किती दिवस उरले तुमचे?"

"अडतीस."

आत टक् वाजली. मग बाई घाईघाईने म्हणाल्या, "मी तीस दिवस मोजते. तीस खूप झाले. शेवटचे आठ दिवस तुम्ही इथे या, काय फिरायचं ते फिरा. पिंप उघडू, तबकडी साफ करू. निरोपाचा चहाही इथेच करू."

ते आठ दिवस मिस्त्रींना फार हवे होते. इतके, की तोंडापर्यंत 'बरं' आलं.

"तीस दिवसांत तारा दोनच तास सरकतो," ते म्हणाले. "सूर्य की तारा, कुणीतरी शंका काढणारच. चाळीस दिवसांत तर आपण फसलो, तीस दिवसांवर कोण विश्वास ठेवील? अडतीसच्या अडतीस घ्या, बाई. त्यापुढेही मोजत राहा. मी नसेनच."

"म्हणजे उद्यापासून..."

"उद्यापासून कशाला? आत्ता चार वाजलेत. चारपासूनच धरा."

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, डबा आत टाकला. नवीला सांगितलं की पिंपाचा खालचा नट डावीकडे फिरतो, उजवीकडे जोर लावू नकोस. तिने मान हलवली.

बाहेर जायला वाट एकच होती, त्या कॉरिडॉरमधून. मिस्त्री दाराबाहेर पडले, चार पावलं गेले आणि मध्येच थबकले. पुन्हा निघाले, पुन्हा थबकले.

"मिस्त्री, ताल चुकवा!" बाई आतून म्हणाल्या.

"चुकवतोय, बाई. चुकत नाहीये."

बाई उठल्या. बाहेर येऊन त्यांनी मिस्त्रींचा दंड धरला. एकोणीस वर्षांत त्यांनी त्यांना कधी हात लावला नव्हता. बाईंची पावलं आखूड, भराभर पडणारी. त्यांच्याशी जुळवून घेताना मिस्त्रींचे पाय अडखळू लागले, आणि तसेच अडखळत दोघं बाहेरच्या दारापर्यंत गेले.